माझ्या बाजूचा ब्रेक

“मॅडम, तुमचा पाय ब्रेकवर नाही ना?”

गाडी शिकायला आलेला प्रत्येक माणूस एक दिवस हा प्रश्न विचारतो. अगदी सुरुवातीला नाही, तेव्हा माझा पाय तिथे असावा असंच त्याला वाटत असतं. थोडं जमायला लागलं, सिग्नलला गाडी बंद पडेनाशी झाली, की छाती फुगते आणि रस्ता सोडून तो माझ्या पायांकडे बघायला लागतो. मी खिडकीबाहेर बघत म्हणायची, “नाही. तुम्हीच चालवताय.” आणि माझा पाय ब्रेकवर असायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणाऱ्याचा पाय जिथे कमी पडतो तिथे आपण भर घालायची, आणि तीही अशी अलगद की त्याला कळता कामा नये. कळलं तर त्याचा धीर सुटतो. हे काम मी उभा जन्म केलं आणि त्यातून एक खोड लागली. कुठलीही गाडी फार सुरेख चालायला लागली की मला आनंद होत नाही, संशय येतो. इथे आणखी कुणाचा तरी पाय आहे, असं वाटायला लागतं.

मी हेमलता खैरनार. नाशिकमध्ये ‘हेमलता मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ म्हणून पाटी होती ती माझीच. होती म्हणायचं, कारण गाड्या आधी आपापले गिअर बदलायला लागल्या, मग आपापले ब्रेक मारायला लागल्या, आणि शिकायला येणारे आटत गेले. त्यातच शहरात नवा नियम आला. रविवारी नदीकाठचे आणि मळ्यांकडे जाणारे रस्ते मोटारींना बंद. ज्याच्याकडे जुनी पेट्रोलची गाडी असेल त्याने ती जमा करावी आणि बदल्यात घरटी एक पेटीसायकल घ्यावी. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर माणसं बसतील अशी लाकडी पेटी, मागे एक चाक, सीट आणि पेडल. मोटर आहे, पण ती नुसती चालत नाही. तुम्ही पाय माराल तेव्हाच ती मदत करते.

मी नको म्हणत होते. आमच्या घरात एकच गाडी होती आणि ती स्कूलचीच होती. सोमवार ते शनिवार तिच्यात लोक शिकायचे आणि रविवारी आम्ही तिच्यातूनच मिसळ खायला जायचो. नाशिककराला रविवारची मिसळ चुकवता येत नाही. शहराबाहेर मळ्यात झाडाखाली टेबलं मांडलेली असतात, चुलीवर रस्सा उकळत असतो, पोरांना झोके असतात. आमच्या घरचा हा नेम गौतमी, म्हणजे आमची मुलगी, कडेवर होती तेव्हापासूनचा. आता तिची रविवारी ड्यूटी असते, म्हणून तिची सात वर्षांची रेवा आमच्याबरोबर येते.

पेटीसायकल हवी होती ती भास्कररावांना. हे माझे यजमान, चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. यांना गाडी येत नाही. लग्नानंतर मी एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच वळणावर मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला. हे काही न बोलता उतरले आणि घरी चालत गेले. त्यानंतर कायम मी चालवायची आणि हे शेजारी बसायचे, जिथे एरवी मी बसते त्या सीटवर. पायापाशी ते जादा क्लच-ब्रेक. मी दर रविवारी म्हणायची, “अहो, पाय मागे घ्या, पेडलला लागतील.” हे पाय मागे घ्यायचे.

शेवटी गाडी जमा केली. त्याआधी मेकॅनिककडून माझ्या बाजूचा ब्रेक तेवढा काढून घेतला. रबर पार झिजलेलं, माझ्या पायाचा आकार आलेला. भंगारात तो कशाला जाऊ द्यायचा, म्हणून पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

खरं सांगते, पहिला रविवार मला जड गेला. जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या बाईने पेटीत बसायचं, समोर काही नाही, हातात काही नाही, मांडीवर पाण्याची बाटली आणि डबा. रेवा मात्र खूश. भास्करराव तर इतके खूश की मला त्यांचा राग आला. पेटीवर त्यांनी रात्री जागून वेलबुट्टी काढली होती आणि मधोमध ‘खैरनार आणि मंडळी’ असं लिहिलं होतं. कालव्याच्या पुलाचा चढ आला तसे ते सीटवरून उठले आणि उभ्याने पेडल मारायला लागले. पेटी डावीकडे हलायची, मग उजवीकडे. मोटर होती, पण तिच्याखाली माणसाचे पाय स्पष्ट कळत होते. एक डावा, एक उजवा. उजवा जरा जास्त जोराचा.

वर पोचल्यावर मागून आवाज आला, “काय मॅडम, पास का?”

“हँडल घट्ट धरता तुम्ही,” मी म्हणाले. पण मला हसू आलं होतं. रेवाने माझ्याकडे वळून बघितलं आणि “आजी हसली” असं मागे कळवून टाकलं.

उन्हाळा असाच गेला. हे पार बदलले. पूर्वी घरात विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस, आता कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायला लागला. मळ्यात गेल्यावर ओळखीच्यांना बोलावून सायकल दाखवायचे. पोरांना पेटीत बसवून चकरा मारायचे. एकदा मिसळवाल्याने माझ्याकडे बघून विचारलं, “मॅडम, आता ड्रायव्हर बदलला वाटतं?” तर हे म्हणाले, “बदलला नाही, नेमला.” मी पापड मोडत बसले. त्यांचा चेहरा असा मी फार वर्षांत बघितला नव्हता.

मग पावसाळ्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, पेटी हलत नाही.

तोच चढ, तीच माणसं. रेवा थोडी वाढलेली, म्हणजे वजन जास्तच. आणि सायकल अशी वर गेली की मांडीवरच्या डब्यातलं ताकही हललं नाही. डावा नाही, उजवा नाही. साठी ओलांडलेला माणूस महिन्यामहिन्याला जास्त सफाईदार होत चाललेला. मी पाय पेटीच्या फळीवर टेकवून बसले आणि माझ्या मनात तेच आलं जे यायचं. एखादा शिकाऊ रात्रीतून क्लच लोण्यासारखा सोडायला लागतो, तेव्हा तो शिकलेला नसतो, माझा पाय खाली गेलेला असतो.

तिथून मी यांच्यावर नजर ठेवायला लागले.

जन्मभर अंगठ्याची कोल्हापुरी घालणाऱ्या माणसाने एक दिवस पट्ट्यांच्या सँडल आणल्या. “अहो, हे काय नवीन?” विचारलं तर म्हणाले, “सायकलवर बऱ्या पडतात.” भाजीला कोपऱ्यावर जायचं तरी सायकल काढायची. गल्लीच्या तोंडाशी दूध, तरी सायकल. आम्ही जेवणानंतर फेरी मारायचो ती बंद झाली, आज ऊन आहे, आज धूळ आहे, आज मॅच आहे. सकाळी मी उठायच्या आत एकटेच सायकल घेऊन जायचे आणि घामेजून यायचे. शेजारच्या वीणाताई मला म्हणाल्या, “खैरनार सर हल्ली फारच तरुण झालेत हो.” मी हसले, पण घरी येऊन सँडलचं खोकं उघडून बघितलं. काय सापडेल असं मला वाटलं होतं, मलाच ठाऊक.

शेवटी माझा संशय एका जागी बसला. गल्लीतली काही टारगट मुलं पेटीसायकलींच्या मोटरशी खटपट करून ती पाय न मारताही पळेल असं करून देतात, असं मी ऐकलं होतं. पकडलं तर सायकल काढून घेतात. आमच्या यांनी तेच केलंय, मी म्हटलं. पोरांसमोर रुबाब करायला मोटर पुरी सोडलीये आणि पाय नुसते फिरवतायत. आणि त्या सोडलेल्या मोटरपुढे पेटीत माझी नात बसते.

मी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. तिथे तस्नीम इनामदार म्हणून बाई होत्या, इंजिनिअर, चाळिशीच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मॅडम, मी तुमच्याकडेच शिकले. पांढरी गाडी, पुढे देवीचा फोटो.” मला आठवत नव्हतं, पण बरं वाटलं.

मी संशय सांगितला. त्यांनी केंद्रातल्या संगणकावर आमच्या सायकलचा नंबर टाकला. “मोटर कुणी उघडलेली नाही. कुणी हात जरी लावला तरी आम्हाला कळतं.”

“मग पेटी हलत का नाही?”

त्यांनी एक सुटं पेडल हातात घेऊन मला समजावलं. पेडलच्या दांड्यात पोलादाची एक पातळ पट्टी असते. पाय पडला की ती केसाहूनही कमी वाकते, आणि तिच्या वाकण्यावरून किती जोर पडला ते मोजलं जातं, डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, प्रत्येक फेरीत शेकडो वेळा. साध्या विजेच्या सायकलीत त्या जोराच्या हिशेबात मोटर चालते, म्हणजे जिथे पाय कमी तिथे मोटरही कमी. पण इथे पुढे पेटी, पेटीत पोरं. एक पाय जोरात आणि एक हळू पडला की पेटी हेलकावते, वळणावर कलंडूही शकते. म्हणून या सायकलीत ‘समतोल’ नावाची सोय आहे. ती चालवणाऱ्याची चाल शिकते. कुठल्या जागी याचा जोर कमी पडतो ते लक्षात ठेवते आणि नेमक्या त्या जागी मोटरचा जोर घालते. खड्डा पडायच्या आत भरून काढायचा.

“म्हणजे चालवणाऱ्याला कळणारच नाही?”

“कळू नये म्हणूनच केलंय. हळूहळू शिकते ती. कालची चाल हीच याची चाल, असं धरून चालते. उद्या थोडा कमी पडला तर थोडं जास्त भरते.”

मी विचारलं, “तो रोज थोडा थोडा कमीच पडत गेला तर?”

तस्नीमबाईंनी पेडल टेबलावर ठेवलं. “तर ती रोज थोडं थोडं जास्त भरत जाईल.”

“आणि सांगणार कुणाला?”

“चालवणाऱ्याला एकदा विचारते. बाकी कुणाला नाही. मॅडम, शरीराबद्दल काही बोललं की ते यंत्र वैद्यकीय उपकरण ठरतं, त्याचे कायदे वेगळे. म्हणून आम्ही ते बघतही नाही. बघायचं नाही, असाच नियम आहे. शहरात एवढ्या सायकली फिरतात, कुणाचं काय भरून निघतंय ते मला ठाऊक नाही.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “समतोल बंद करायचा खटका पेटीच्या फळीखाली असतो. आम्ही तपासणीला वापरतो. तुम्हाला बघायचं असेल तर मोकळ्या मैदानात बघा.”

मोकळ्या मैदानात बघा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी स्वतः हजारो लोकांना सांगत आले की नवीन काही करून बघायचं ते मैदानात. पण माझ्या डोक्यात चढच बसला होता. त्या चढावर मला यांचा आळस रंगेहाथ पकडायचा होता. आजारपण माझ्या मनातही नव्हतं. मला वाटलं, हा माणूस यंत्राच्या जिवावर अंग चोरतोय, चोरी उघडी पडली की जरा धापा टाकेल, मी दोन शब्द ऐकवीन, संपलं.

रविवारी आम्ही निघालो. कालव्याचा पूल दिसला तसा मी वाकून पाण्याची बाटली घेतल्याचं केलं आणि फळीखालचा खटका दाबला.

सुरुवातीला काही झालं नाही. चढ सुरू झाला आणि सायकलने एक गचका खाल्ला. मग दुसरा. डावा पाय पडला की मोटर ओढायची, उजव्याच्या वेळी सगळंच मरायचं, मोटरही आणि माणूसही. मागे यांचा श्वास मोठा झाला. “काय झालं हिला,” ते म्हणाले. आणखी एक डावा. मग उजवा आलाच नाही. सायकल थांबली आणि मागे घसरायला लागली.

मी पाय मारला. उजवा पाय, जीव खाऊन, फळीवर. जिथे माझा ब्रेक असायचा तिथे. एकदा, दोनदा, तीनदा. तिथे लाकडाशिवाय काही नव्हतं. फळी नुसती धाडधाड वाजली. जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाखाली काही नव्हतं आणि शेजारी माझी नात होती.

“आजी, काय करतेस?” रेवा ओरडली.

यांनी हाताचा ब्रेक दाबला होता, पण एका बाजूनेच नीट लागला. तोल धरायला त्यांनी उजवा पाय खाली टेकवला, आणि मी मान वळवून बघितलं ते मला अजून दिसतं. पाऊल जमिनीवर टेकलंच नाही. पुढचा भाग लोंबत होता, बोटं रस्त्यावरून खरडत गेली. मागचं चाक कडेच्या चरात गेलं, पेटी तिरकी झाली आणि सायकल अडली. रेवाला मी कवटाळलं होतं, तिला काही लागलं नाही. माझं कोपर सोललं. डबा उघडून ताक सगळं पेटीत.

मागून येणारी एक सायकल थांबली, त्या माणसांनी आम्हाला बाहेर काढलं, चाक वर घेऊन दिलं, आणि ती मंडळी पुढे गेली. आम्ही कठड्यावर बसलो. यांच्या उजव्या सँडलचा पुढचा भाग घासून पांढरा झाला होता. आजचा नव्हता तो. खूप दिवसांचा होता. मी खोक्यात बघितलं, सँडलकडे बघितलंच नव्हतं.

“खटका मी दाबला,” मी म्हणाले.

“कळलं मला.”

“पाय कधीपासून असाय?”

ते पुलाखालच्या पाण्याकडे बघत राहिले. “चप्पल निसटायला लागली तेव्हापासून. उन्हाळ्याच्या शेवटी. चालताना पंजा उचलायचा नाही, आपटायचा. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस सायकलच्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली. उजवी बाजू कमी पडते आहे, भरून काढू का?”

“मग?”

“मी हो दाबलं. खाली आणखी एक बटण होतं, पुन्हा विचारू नका. तेही दाबलं.”

मला संताप आला. “अहो, मला एका शब्दाने सांगायचं नाही? पोरगी बसते पुढे. मी बसते. रोज पहाटे जाऊन काय करत होतात?”

“मैदानात चालत होतो. आपोआप बरा होतो का बघत होतो.” मग ते माझ्याकडे वळले. हा माणूस सहसा माझ्याशी भांडत नाही. “तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, हेमा? सायकल काढून घेतली असतीस. मला पुन्हा शेजारी बसवलं असतंस. तीस वर्षं मी पाय मागे घेऊन बसलोय. मला परत पाय मागे घ्यायचे नव्हते.”

काढून घेतलीच असती. एका मिनिटात.

रेवा दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि म्हणाली, “आता मिसळ नाही का?”

आम्ही सायकल ढकलत घरी आलो. मी हँडल धरलं, हे पेटीला हात लावून बाजूने चालले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी यांना सलग चालताना ऐकलं. एक पाऊल नेहमीसारखं, एक फट्‍ करून आपटणारं. बहिऱ्या माणसालाही ऐकू आलं असतं. पण आम्ही चालतच नव्हतो. दूध सायकलवर, भाजी सायकलवर, मिसळ सायकलवर. या घरात पाऊल वाजायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टरांनी पाठीचे फोटो काढले. मणक्याजवळ शीर दाबली गेली होती, तीच पंजा उचलायचं काम करते. ऑपरेशन करून दाब काढता येतो. “पण शीर फार दिवस दाबलेली राहिली की तिच्यातला काही भाग कायमचा जातो,” डॉक्टर म्हणाले. “पाय आपटायला लागला तेव्हाच यायला हवं होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?” त्यांनी हे माझ्याकडे बघून विचारलं. मी, जी शेजारी बसून लोकांच्या पायांतला सुताएवढा फरक ओळखते.

ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पंजा थोडा उचलायला लागला, पूर्ण नाही. तो पूर्ण होणार नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. गौतमी आली आणि रडली, मग चिडली. “ती सायकल पहिली परत करा. तिने बाबांचा पाय खाल्ला.” भास्करराव खुर्चीत बसून होते. “तुम्ही म्हणाल तसं,” एवढंच म्हणाले. पूर्वी विचारल्याशिवाय न बोलणारा जो माणूस होता, तो परत आला होता. मी बघितलं, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले, पेपरातला ब्रेक काढला आणि तस्नीमबाईंकडे गेले.

“हा पेटीत बसवायचा,” मी म्हणाले. “माझ्या पायाखाली. मी दाबीन तेवढाच समतोल. सोडला की शून्य. आणि खाली एक खरा ब्रेकही जोडा, तळाशी गेला की लागेल असा.”

त्यांनी ब्रेक उलटासुलटा करून पाहिला, रबरावरून बोट फिरवलं. “होईल. दाब मोजणारी पट्टी लावली की झालं. पण मॅडम, यंत्र हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करतं. अगदी कळू न देता.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तेच नकोय.”

त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही पण मला नाहीच म्हणायचात. मी विचारायचे तेव्हा.”

“तुम्ही शिकायला आला होतात, तस्नीमबाई. तुम्हाला एक दिवस माझ्याशिवाय जायचं होतं. आम्हाला दोघांना कुठं जायचंय एकमेकांशिवाय?”

सायकल तयार होऊन आली तेव्हा मी यांना जिना उतरवून खाली आणलं आणि पेटीतला ब्रेक दाखवला. त्यांनी तो ओळखला. दर रविवारी ज्याच्यापासून पाय मागे घेतले तोच. ते सीटवर चढले, उजवा पाय हाताने उचलून पेडलवर ठेवला आणि पेडलचा पट्टा पंजावर घट्ट केला. “रेवाला मैदानात सराव झाल्याशिवाय बसवायचं नाही,” ते म्हणाले. हे मी म्हणणार होते.

मैदानात आम्ही दोघंच बरेच दिवस फिरलो. मी पहिल्यांदा फार जोरात दाबायची, हे चिडायचे. मग मी फार कमी दाबायची, सायकल अडायची, मी चिडायची. शेजारी बसून हे काम मी जन्मभर केलं, पण दाबलेलं सांगायची सवय नव्हती.

काल रविवार होता. रेवाला घेतलं, डबा घेतला, निघालो. कालव्याच्या अलीकडे आमच्या पुढून मागून कितीतरी पेटीसायकली चालल्या होत्या. रंगवलेल्या पेट्या, पेट्यांमध्ये पोरं, मागे घाम न आलेली माणसं. एकाही पेटीला हेलकावा नव्हता. सगळ्या अशा सुरेख चालल्या होत्या की माझ्या अंगावर काटा आला. एका माणसाला तर मी हात करून थांबवणार होते. काय विचारणार होते, तुमची चप्पल निसटते का? तो हसून पुढे निघून गेला.

आमची पेटी तेवढी हलत होती. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी.

चढ सुरू झाला. यांचा श्वास वाढला. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि उजव्याच्या पाळीला थोडा दाबला, डाव्याच्या पाळीला सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. निम्म्यावर आलो असू. मागून यांनी विचारलं, “हेमा, तुझा पाय आहे का त्याच्यावर?”

आयुष्यभराचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. खिडकीही नव्हती बाहेर बघायला. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता, पहिल्या रविवारी आला होता तसा.

“आहे,” मी म्हणाले.

“किती?”

“बराच.”

त्यांनी पेडलची एक फेरी मारली, मग दुसरी. उजवा पाय जड पडला, पण पडला.

“थोडा कमी कर,” ते म्हणाले.

मी कमी केला. पेटी उजवीकडे हलली, रेवाने माझा हात धरला, आणि आम्ही हळूहळू वर जात राहिलो.